घरटी एक माणूस

मथुराला माणसं ओळखता येतात, असं निदान मथुराचं तरी म्हणणं होतं. माणूस अंगणात शिरताना चपला कुठे काढतो, पाण्याचा तांब्या कसा धरतो, एवढ्यावरून ती त्याचं गाव, धंदा आणि नियत सगळं सांगून मोकळी व्हायची. बांगड्या विकायला आलेला मनुष्य पोलीस असल्याचं तिने एकदा शेजारच्या गंगाला छातीठोक सांगितलं होतं. तो शेवटी बांगड्याच विकून गेला, तरी तिचं मत काही बदललं नाही. साध्या वेशात असेल, म्हणाली.

त्या डिसेंबरात मात्र तिला माणूस ओळखायचा नव्हता, मिळवायचा होता, आणि तोही दोन दिवसांत.

वाडीत अकरा घरं. अकराही घरांच्या सुपारीच्या बागा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावर जगतात. पाऊस गेला की पऱ्या बारीक होत जातो. मग दगड, खुंट, पाल्यासकट तोडलेल्या फांद्यांची टाळ आणि माती यांचा आडवा बांध घालायचा, पाणी तटवायचं आणि पाटाने बागांना आणायचं. रोज एका घराची पाळी, अकरा दिवसांत फेरी पुरी. बांधाच्या दिवशी घरटी एक माणूस पाण्यात उतरलाच पाहिजे. बायका माती वाहतात, पण मोजणीत त्यांना धरत नाहीत. ज्या घरचा माणूस नाही त्या घराला पहिल्या फेरीत पाणी नाही. ती पाळी पाटावरच्या पुढच्या घराला. घरचा माणूस आजारी असेल तरच मोलाने लावलेला माणूस चालतो. हा नियम कुणी सैल करू देत नसे. तो सैल झाला तर सगळे मुंबईवाले मोलाची माणसं धाडतील आणि बांधावर वाडीचा प्रमुख, गावकर, एकटा उभा राहील, हे वाडीला चांगलं माहीत होतं.

पाटावर मथुराच्या पुढचं घर धाकूचं. धाकू तिचा चुलतदीर. गेल्या वर्षी तिचा मुलगा नितेश बांधाला आला नाही आणि तिची पाळी धाकूच्या बागेत गेली. बावीस दिवस पाणी नाही. नवऱ्याने शेवटच्या आजारपणाआधी लावलेल्या रोपांपैकी तीस उभ्या उभ्या वाळली. उरलेली एकोणीस आता तिच्या कंबरेएवढी झाली होती. यंदा पाळी गेली तर तीही जाणार होती.

गुरुवारी मुंबईहून नितेशचा फोन आला.

"आई, शनिवारी जमत नाही गं."

"सुटी नाय मिळत?"

"सुटी आहे. पण खरं सांगू? त्या चिखलात उतरायला मी आता येणार नाही. किती दिवस करायचं हे? झाडं गेली तर जाऊ देत."

मथुराने फोन ठेवला आणि बराच वेळ तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. संध्याकाळी ती गावकराकडे, बाबलभावजींकडे गेली आणि नितेशला कावीळ झाल्याचं सांगून आली. डोळे पिवळेजर्द झालेत, एवढं तिने पदरचं घातलं.

शुक्रवारी सकाळी दुखरा गुडघा चोळून ती वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर गेली. तिथे एका ठेकेदाराची आंब्याची बाग होती आणि बागेत नेपाळी माणसं कामाला होती. नेपाळ्यांबद्दल मथुराचं मत तयार होतं. पहाडातली माणसं, दगडासारखी. थंडी वाजत नाही, भूक कमी, बोलणं त्याहून कमी. असा एक धिप्पाड बघून आणायचा, म्हणजे बांधाचं काम एकटा उरकेल.

खोपीपाशी एकच माणूस होता. फवारणीचा पंप उघडून बसला होता. सदतीस-अडतीसचा, अंगाने बारीक, आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा बघून मथुराचा उत्साह अर्धा झाला. नेपाळ्याला चष्मा कशाला लागतो, हे तिला कळेना.

"ए बहादूर," तिने हाक मारली, "बाकीका लोक किदर गया?"

त्याने वर पाहिलं. "दुसरे बाग में गए, माँजी. परसों आएँगे."

"हमको एक आदमी मंगता. बांधका काम हाय. आज और कल. हजेरी देगा, जेवन देगा. तुम आयेगा?"

त्याने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग पंपाकडे. "फवारणी सोमवार को है," तो म्हणाला. "आता हूँ."

उतारावरून तो तिच्या मागोमाग आला. जांभ्याच्या पायऱ्या ती एकेक करून उतरत होती आणि तो तिला ओलांडून पुढे गेला नाही. हे मथुराने मनात टिपलं. गरीब आहे, तिने ठरवलं.

दिवसभर त्याने किंजळीचे खुंट तासले आणि टाळ तोडली. कोयता त्याच्या हातात बरा चालत होता. दुपारी तो पडवीत जेवायला बसला आणि मथुरा समोर बसली. तिला खूप काय काय विचारायचं होतं.

"तुम्हारा गाव में पहाड हाय?"

"है, माँजी. चारों तरफ."

"नदी?"

"है. बहुत बड़ा बाँध भी है."

"थंडी में बरफ पडता?"

"नहीं. बारिश बहुत पड़ती है."

"गाव से इदर आने को कितना दिन लगता?"

त्याने भाताचा घास गिळला. "एक दिन भी नहीं लगता, माँजी. सुबह निकला तो दोपहर को पहुँच गया."

ठेकेदार माणसं विमानाने आणतो की काय, असा मथुराला प्रश्न पडला. पण हल्ली आंब्याला काय कमी भाव आहे, असं म्हणून तिने तो सोडवलाही.

तेवढ्यात गंगा आली. गंगा रिकाम्या हाताने येत नसे, रिकाम्या कानाने जात नसे. उंबऱ्यावर टेकून तिने जेवणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ह्यो काय गो गावला तुला? चष्मेवाला? तेच्यात ताकद हाय काय?"

"हाय ती हाय. टाळ बघ किती तोडलान."

"कपाटाची किल्ली कंबरंला लाव हां. तशी इमानी असतात ही लोकं, पन एकांदा निगतो. आनि बांगडा कशाला वाडलंस तेला? काटा अडकंल गळ्यात."

दोघींनी ताटाकडे पाहिलं. बांगड्याचा काटा शेपटीपासून डोक्यापर्यंत अख्खा, कंगव्यासारखा, ताटाच्या कडेला पडला होता.

"भूक लागली की शिकतात," मथुरा म्हणाली.

गंगाने आवाज खाली आणला. तसं आणायचं कारण नव्हतं, पण सवय. "नितेशला खरंच कावीळ झालीय?"

"कुटची कावीळ! हट्टाकट्टा हाय मेला. येत नाय बोलला. मंग काय करू? बाबलभावजींना खरं सांगितलं तर पाळी जाईल धाकूच्या घशात. तू कुठं बोलू नको हां."

"मी कशाला बोलतंय? पन ह्यो ऐकतो ना."

"ऐकूंदे. तेला काय कळतंय?"

चष्मेवाल्याने ताट उचललं, मोरीवर नेऊन घासलं आणि पालथं घातलं.

शनिवारी सात वाजता वाडी पऱ्यावर जमली. मुंबईहून रात्री आलेली पोरं जांभया देत उभी होती. प्रत्येक घराने आपापले खुंट आणि टाळ आणून टाकली होती. बांधाचे चार-चार हात प्रत्येक घराचे. ज्याचा वाटा त्याने भरायचा आणि ज्याच्या वाट्यातून पाणी गळेल त्याची पाळी जायची, हेही ठरलेलं. मथुराच्या वाट्यापाशी चष्मेवाला विजार गुडघ्यावर दुमडून उभा होता.

"मोलाचा हाय," बाबलभावजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नितेश आजारी हाय म्हनून चालवून घेतलाय."

धाकूने नाक खाजवलं.

बाबलभावजींनी दगडावर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "हे पऱ्याच्या राखनदारा, आज तुज्या आंगावर वाडी बांध घालते हाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

"कोनाचा हात-पाय मोडू देऊ नको, दगडाखाली बोट येऊ देऊ नको. पानी तटवून दे आनि अकरा घरांच्या बागा हिरव्या राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मातीची टोपली घेऊन मथुरा मागे उभी होती. दुसऱ्या वेळेला तिने नीट ऐकलं. चष्मेवालाही म्हणाला होता, आणि बरोबर त्याच ठेक्यावर. ना आधी, ना नंतर. तिने मान पुढे काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा होता तसाच होता. तिकडच्या देवांनाही असंच ओरडून सांगावं लागत असेल, असं तिने धरलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

पाणी मांड्यांना लागत होतं आणि इतकं गार होतं की पहिल्या घटकेला कुणी धड बोललं नाही. मग अंग तापलं आणि तोंडं सुटली. घणाचे ठोके, दगडांचा खरखराट, आणि मधेच कुणाचा पाय शेवाळावरून सटकला की हसणं. चष्मेवाला दगडाखाली हात घालून आधी तळ चाचपत होता. टाळेचा पाला तो पाण्याच्या बाजूला करायचा, बुंधे मागे, मग वर माती, मग पायाने दाबायचा. हळू काम, पण एकदा बसवलेलं त्याने परत हलवलं नाही.

"ए बहादूर, वो बडा पत्थर उठाव!"

"बहादूर, कुंगफू आता हाय क्या?" हा धाकूचा मुलगा गौरव. पोरं हसली. एकाने कपाळाला हात लावून "सलाम शाब" केलं. चष्मेवाल्याने मोठा दगड उचलला आणि जिथे हवा होता तिथे ठेवला.

मथुराला ते आवडलं नाही. पण तिनेही कालपासून त्याला बहादूरच म्हटलं होतं, त्यामुळे ती पुढची टोपली भरायला वळली.

दुपारपर्यंत बांध जोडला गेला. बायका जेवणं आणायला घरी गेल्या, बरेच पुरुष काठावर सावलीला बसले. धाकू आणि गौरव आपल्या वाट्यावर शेवटची माती थापत होते. शेजारीच मथुराचा वाटा, आणि त्यात वाकलेला तो.

"सांजच्याला येऊन वैनीच्या वाट्यातली दोन टाळ काड," धाकू मुलाला म्हणाला. आवाज लपवण्याची गरज त्याला वाटली नाही. "खालची. सकाळला गळती दिसली की पाळी आपली."

"बाबा, हा हाय ना इथं."

"ह्यो? तेच्या समोर तू काय पन बोल. ते भिताडासारखं हाय."

संध्याकाळी मथुरा अंगणात सुपारी गोळा करत होती. चष्मेवाला हातपाय धुऊन आला आणि पायरीशी उभा राहिला. चष्म्याच्या काचेवर चिखलाचा ठिपका होता.

"काकी," तो म्हणाला, "उद्या सकाळी तुमच्या वाट्यातून पाणी गळणार आहे. धाकूंनी मुलाला दोन टाळ काढायला सांगितलंय. माझ्यासमोरच बोलले."

"क्या बोला तुम?" मथुरा म्हणाली.

"पाळी त्यांना मिळावी म्हणून."

"कौन बोला? कब बोला?"

"दुपारी. तुम्ही जेवण आणायला गेला होतात तेव्हा."

"तुमको किसने..." एवढं म्हणून मथुरा थांबली. हातातल्या दोन सुपाऱ्या तिने परत जमिनीवर ठेवल्या. मग हळूच विचारलं, "तू मराटी बोलतंस?"

"दुसरं काय बोलणार? पोफळीचा आहे मी. चिपळूणच्या वर, कोयना प्रकल्पाची वसाहत आहे ना, तिथला. बाप नेपाळहून बोगद्याच्या कामाला आला आणि राहिला. माझी शाळा तिथलीच, मराठी. दीपक घर्ती माझं नाव."

मथुरा ओटीच्या कडेला बसली. पहाड, नदी, मोठा बांध, सकाळी निघाला की दुपारी. एकेक आठवत गेलं तशी ती लाजेने लाल होत गेली. किल्ली अजून कंबरेला होती. तिने ती पदराखाली सरकवली, आणि सरकवताना त्याला दिसली हेही तिला दिसलं.

"मंग दोन दिस गप का ऱ्हायलास रे? तोंड नाय तुला?"

"आहे. पण काय होतं, काकी, मी मराठी बोललो की आधी सगळे म्हणतात, अरे वा, छान बोलतोस. मग विचारतात, कुठे शिकलास. मग म्हणतात, पण मूळचा कुठला? तासभर त्यात जातो. हिंदी बोललो की लगेच काम सांगतात." तो थोडा हसला. "ठेकेदाराने तर मला तोंड बघूनच नेपाळ्यांवर मुकादम नेमला. माझी नेपाळी इतकी वाईट आहे की ती पोरं पोट धरून हसतात."

मथुरालाही हसू आलं आणि ते तिने मधेच आवरलं. कारण हसण्याच्या पाठोपाठ तिला कावीळ आठवली.

"काल मी गंगाला सांगत हुते... नितेशचं."

"ऐकलं मी."

"ते कुटं बोलू नको हां, बाबा."

दीपकने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी होऊन कुणाचं काही सांगत नाही. पण कुणी सरळ विचारलं तर खोटं सांगणार नाही."

म्हणजे धाकूचं बिंग फोडायचं तर ह्याला उभा करायला हवा, आणि ह्याला उभा केला की तिच्या घरातलंही बाहेर येऊ शकतं. मथुराने पऱ्याच्या दिशेने पाहिलं. शेवटी तिने आपल्या नेहमीच्या जाणतेपणाने मान हलवली.

"धाकूभावजींना मी तीस वर्सं ओळखतंय. बोलतील. करनार नाय. तेवडं काळीज नाय तेंचं."

दीपकने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

रविवारी सकाळी बांधामागे पाणी चांगलं चढलेलं हवं होतं. ते कालच्याहून बोटभरही वर आलं नव्हतं. मथुराच्या चार हातांत खाली हातभर फट पडली होती आणि तिच्यातून पाणी खळखळ वाहून चाललं होतं. बाजूची मातीही ओढली जात होती.

"बघा!" धाकू म्हणाला. "मी पयलंच बोलनार हुतो. मोलाचं काम. नेपाळी तो, तेला पान्याचं काय कळतंय? तेला काठी आपटत बाग राखायला सांगा."

"गळती ती गळती," बाबलभावजी म्हणाले. त्यांना हे सांगायला आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "मथुरावैनी, नियम तुला ठावा हाय."

मथुराने दीपककडे पाहिलं. दोन दिवसांचं काम संपलं होतं, तरी तो आला होता आणि काठावर, सगळ्यांच्या मागे उभा होता. तिला वाटलं तो बोलेल. पण तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि हे आपल्यावर आहे, हे तिच्या लक्षात आलं. तिला एकोणीस रोपं दिसली, आणि गेल्या वर्षीची तीस.

"भावजी," ती म्हणाली, "गळती कशी झाली ते ह्याला विचारा. काल दुपारी ह्यो हुता हितं."

"काय विचारू? क्या रे बहादूर..."

"मराटीत विचारा."

दोघेतिघे हसले. दीपक पुढे आला. "काल दुपारी धाकूंनी गौरवला सांगितलं," तो म्हणाला, "संध्याकाळी येऊन काकींच्या वाट्यातली खालची दोन टाळ काढ. गौरव म्हणाला, हा आहे ना इथं. तर म्हणाले, तो भिंतीसारखा आहे."

हसणं थांबलं. पण पहिल्यांदा कुणी धाकूकडे पाहिलंच नाही. जो तो काल-परवा आपण ह्याच्यासमोर काय काय बोललो ते आठवत होता. एकाने बाबलभावजींच्या गाऱ्हाण्याची नक्कल केली होती. दुसऱ्याने बायकोला न सांगता घेतलेल्या मोटरसायकलची गोष्ट रंगवून सांगितली होती. गंगा तर एकदम पदर सारखा करायला लागली. आणि गौरवचे कान असे पेटले होते की त्याला काही विचारायची गरजच उरली नाही.

"गौरव," बाबलभावजी म्हणाले, "व्हय की नाय?"

गौरवने पाण्याकडे बघत मान खाली घातली.

धाकूला घाम फुटला होता. पण धाकू धाकूच होता. "आनि हिच्या नितेशला कावीळ झालीय ती?" तो ओरडला. "काल फोनवर फोटो टाकलान तेनं, क्रिकेट खेळताना! ह्याला विचारा की! ह्यो हिच्या पडवीत जेवतो, सगळं ऐकतो. विचारा, हाय काय कावीळ?"

सगळ्यांची तोंडं परत दीपककडे वळली. दीपकने तोंड उघडलं आणि मिटलं. चष्म्यामागचे त्याचे डोळे मथुरावर होते. विचारलं तर खोटं सांगणार नाही, असं तो म्हणाला होता. आणि ते सांगायची त्याला मुळीच इच्छा नव्हती, हेही स्वच्छ दिसत होतं. दोन दिवसांत पहिल्यांदाच मथुराला त्याच्याबद्दल काहीतरी बरोबर कळलं.

"तेला नको विचारू," ती म्हणाली. "मी सांगतंय. नितेशला कावीळ नाय. तो येत नाय बोलला. बांधाला कदीच येनार नाय बोलला. मी खोटं सांगितलं, भावजी."

मुलगा येणार नाही हे तिने अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं, ते अकरा घरांसमोर सांगितलं.

बाबलभावजींनी टोपी काढून परत घातली. "मंग... धाकूची पन पाळी गेली आनि तुजी पन. दोन्ही पुडच्या घराला."

"थांबा वो!" गंगा पुढे झाली. पुढचं घर तिचंच होतं, तरी. "ह्यो पोफळीचा हाय म्हनतो ना? म्हंजे चिपळूनचा. रत्नागिरी जिल्ह्यातलाच की! आपल्यातलाच झाला. मंग तेला मोलाचा कशाला धरायचा? हिचा भाचा म्हनून धरा."

"व्हय, व्हय," दोघातिघांना पटलं. मोटरसायकलवाल्याला तर फारच पटलं. "आपलाच मानूस हाय. काय दीपकशेट, चिपळूनला कुटं बसता?"

"काल कुणी विचारलं नाही, कुठे बसता," दीपक म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. "काल जो बांध घातला तो नेपाळ्याने घातला होता. आज मी आपला झालो म्हणून तो पक्का होणार असेल, तर नको. मला मोजू नका."

पाणी फटीतून चाललंच होतं.

मथुराने लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि ती काठावरून खाली उतरायला लागली. पहिल्या दगडावर गुडघा करकरला. दुसऱ्यावर ती बसली आणि बसूनच पाण्यात घसरली. गार पाणी मांड्यांवर आलं तशी तिने "आई गो" केलं आणि दात आवळले.

"वैनी, गुडगा! वर ये," बाबलभावजी म्हणाले.

"बांद फुटलाय ना, भावजी?"

"फुटलाय."

"म्हंजे तो झाला नाय अजून. घालायचा हाय. आनि बांद घालताना घरटी एक मानूस उतरायला लागतं. माज्या घरचं मानूस उतरलंय. मोजा."

"अगो, पन बायांना..."

"का? पानी मला वल्ली करीत नाय?" ती ओरडली. "नवरा गेला, पोरगा येत नाय. घर अजून उभं हाय ना माजं? मंग तेच्यात मानूस कोन हाय, ते सांगा!"

बाबलभावजींनी एकदा तिच्याकडे, एकदा फटीकडे पाहिलं. मग ते धाकूकडे वळले आणि एकदम कडाडले, "तू काय बगतंस? उतर तू पन! टाळ कुटं टाकलीस ती आन. सगळे उतरा. फुटलाय म्हंजे परत घालायचा!"

एकेक जण पाण्यात उतरला. दीपक उतरायला पुढे आला तशी मथुराने हात केला. "तू वर ऱ्हा रे. तू उतरलास तर म्हनतील तेनंच केलान. टाळ तेवडी दे मला."

त्याने टाळेचा भारा काठावर ओढला आणि एकेक फांदी तिच्या हातात देऊ लागला. तिने पाला पाण्याच्या बाजूला केला, बुंधे मागे, आणि खाली वाकून फटीत दाबले. पाण्याच्या ओढीने तिचे हात हलत होते. बाजूने धाकू मुकाट्याने दगड सरकवत होता.

"काकी," दीपक काठावर उकिडवा बसून हळूच म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही गप्प बसाल."

"कशावरनं?"

त्याने हातातल्या फांदीची दोन पानं उगीच खुडली. "गावची म्हातारी, एकटी बाई," तो शेवटी म्हणाला. "अशा गप्पच बसतात, असं वाटलं."

मथुराने मान वर करून त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. मग ती इतकी मोठ्याने हसली की धाकूच्या हातातला दगड सुटला.

"तू पन काय?" ती म्हणाली. "दे, दे ती टाळ हिकडं."

पलीकडच्या काठावरून बाबलभावजींनी मोजायला सुरुवात केली होती. बोट घरटी एकेका डोक्यावरून पुढे येत होतं. आठ, नऊ. धाकूवर दहा. मग बोट मथुराच्या डोक्यापाशी आलं आणि थांबलं. सगळा पऱ्या त्या बोटाकडे बघत होता. मथुरा बघत नव्हती. तिचे दोन्ही हात कोपरांपर्यंत फटीत होते आणि फटीतलं पाणी आता तिच्या बोटांना जेमतेम लागत होतं.

"अकरा," बाबलभावजी म्हणाले.